पाच गोळ्या आणि सहावं घर

नदीनने काचेच्या कपाटातून दोन रिव्हॉल्व्हर काढली आणि हिरव्या कापडाच्या तुकड्यावर शेजारी शेजारी ठेवली. दुकान तसं जनावरांच्या खाद्याचं. पुढे पेंडीची पोती, मिठाच्या लाद्या, कुंपणाची तार; आणि मागच्या बाजूला, जिथे उन्हाची तिरीप पोचत नाही, तिथे बंदुकांचा कट्टा. आयडाहोच्या त्या खोऱ्यात कुणालाही बंदूक हवी असली की तो पेंडीच्या वासातूनच नदीनपर्यंत पोचायचा.

"हातात घेऊन बघ की," नदीन म्हणाली. "चावत नाहीत."

एल्डनने हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत. "बघतोय."

"शाळेत असल्यापासून ओळखते मी तुला. तू बघत नाहीयेस, छताकडे डोळे लावून उभा आहेस."

ब्रिन फिस्सकन हसली. ती एल्डनची नात, बारा वर्षांची. आईबरोबर आजोबांच्याच घरी राहायची. गेले तीन महिने तिने एकच धोसरा लावला होता: मला डब्यांवर नेम मारायला शिकायचंय. वर्गातल्या निम्म्या मुली शिकल्या, मीच राहिले. शेवटी तिच्या आईने एल्डनला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, तुम्ही शिकवलं नाहीत तर ती हार्लनकडे जाईल. त्याने कबूल केलंय तिला. मग तुम्हीच ठरवा."

हार्लन म्हणजे शेजारचा शेतकरी. मनाचा मोकळा, तोंडाचा सैल, आणि कामात सगळं अंदाजपंचे. हार्लनच्या हाताखाली आपली नात, हे चित्र एल्डनच्या डोळ्यांसमोर आलं आणि दुसऱ्या दिवशी तो ब्रिनला घेऊन दुकानात आला. त्याने चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, पण रिव्हॉल्व्हरला हात लावला नव्हता. पोरवयात शेवटचा लावला, तो तेवढाच.

"दोन्ही बावीस बोअरचीच," नदीन ब्रिनला सांगू लागली. "गोळी चवळीच्या दाण्याएवढी. धक्का नाही, दणका नाही, खर्च नाही. दर वेळी अंगठ्याने मागचा हा घोडा ओढायचा, मग चाप. एका ओढीला एकच गोळी. घाई करताच येत नाही, म्हणून शिकायला बरं. आता नळी. ही आखूड, ही लांब. लांब नळीचा नेम सोपा, पण तोंडाकडे जड. हात सरळ धर बघू."

ब्रिनने लांब नळीचं उचललं. क्षणभरात तिचं मनगट खाली लवलं.

"बघितलंस? तुझ्या मनगटाला मधली नळी. आणि मूठ बारीक हवी, करंगळीसुद्धा लाकडावर बसली पाहिजे. हे दुसरं घे."

दुसरं जुनं होतं. निळसर पोलाद कडांना झिजून चंदेरी झालेलं, अक्रोडाची मूठ हात लागून लागून काळी पडलेली. कुणाच्या तरी कंबरेला जन्मभर राहिलेली वस्तू. ब्रिनने ते जमिनीकडे धरलं, नदीनने सांगितलं तसा अंगठा लावला आणि घोडा मागे ओढला.

खट्. खट्. खट्. खट्.

चार आवाज, एकापाठोपाठ एक, जणू कुणीतरी सावकाश कुलूप उघडतंय.

एल्डनच्या नाकात एकदम घामट चामड्याचा वास भरला. पेंडीचा वास गेला, नदीनचा आवाज गेला. त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोगिराचा तंग आवळत होतं. पट्टा कड्यातून ओढताना होणारी ती करकर त्याला अगदी स्पष्ट ऐकू आली. वळून पाहिलं तर मिठाच्या लाद्या.

"आजोबा, याचा चाप किती हलका आहे!" ब्रिनचे डोळे चमकत होते. "वाळलेली काडी मोडावी तसा. मला हेच हवं."

"पोरीला पारख आहे," नदीन म्हणाली. "जुनं आहे म्हणून हलका. पण हे कारखान्यात गेलेलं नाही, ते आधी सांगते." मग तिने ब्रिनलाच समजावून सांगितलं. जुन्या बनावटीत घोडा खाली असला की त्याचा दाब थेट समोरच्या गोळीवर असतो. रिव्हॉल्व्हर पडलं, घोड्यावर काही आपटलं, की चाप न ओढता गोळी सुटते. नव्या बनावटीत मध्ये एक पोलादी पट्टी असते. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते, नाहीतर घोडा आणि गोळी यांची गाठच पडत नाही. जुनं कारखान्याकडे पाठवलं तर ते फुकटात पट्टी बसवून देतात.

"मग सगळे का पाठवत नाहीत?"

"पाठवलं की चापाची मजा जाते म्हणे. आणि विकताना भाव पडतो. या खोऱ्यात कुणी पाठवत नाही, बाळा. सगळे आपले पाच गोळ्या भरतात आणि सहावं घर रिकामं ठेवतात. घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायचा, झालं."

"नवीन द्या," एल्डन म्हणाला. आवाज जरा मोठा निघाला. "मधली नळी. बारीक मूठ."

"एल्डन, नव्यात खुशाल सहा भर," नदीन पिशवीत खोका घालताना म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर आहे ते." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी पुढे सरकवली. नदीन त्या खोऱ्यातलीच. लॉइडच्या मातीला ती आईचा हात धरून आली होती.

*

लॉइड एल्डनचा थोरला भाऊ. तेव्हा तो अठराचा, एल्डन तेरा वर्षांचा. वरच्या कुरणातली गुरं खाली आणायची होती, म्हणून दोघे सकाळी घोड्यांवर खोगीर घालत होते. लॉइडच्या कंबरेला वडिलांचं बावीसचं रिव्हॉल्व्हर होतं. तंग आवळताना पाय अडकवायची रिकीब आड येते, म्हणून सगळेच ती उचलून खोगिराच्या पुढच्या खुंटाला अडकवतात. लॉइडनेही अडकवली. घोडीने पोट फुगवलं, लॉइडने गुडघ्याने दाबलं, पट्टा ओढला. रिकीब निसटली आणि खाली येता येता रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर बसली.

आवाज एवढासा झाला. एल्डनला वाटलं, घोडीने पायाखाली फांदी मोडली. लॉइडलाही तसंच वाटलं असावं, कारण तो खाली घोडीच्या पायांकडेच पाहत होता. गोळी मांडीत उतरली होती, तिथली मोठी शीर तोडून. वडील धावत येईपर्यंत लॉइड कुंपणाला टेकून बसला होता आणि थंडी वाजतेय म्हणत होता.

नंतर वडिलांनी रिव्हॉल्व्हर उघडलं. सहाही घरं भरलेली. त्यांच्या घरात पाचच भरायची रीत होती. दोन्ही मुलांना ती चालायला लागल्यापासून माहीत होती. आदल्या संध्याकाळी दोघांनी कुंपणावर डबे ठेवून अंधार पडेपर्यंत नेम मारले होते. कधी याने भरलं, कधी त्याने. शेवटचं कुणी भरलं?

वडिलांनी विचारलं नाही. आईने विचारलं नाही. शेरीफ आला, टोपी काढून उभा राहिला, त्यानेही विचारलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारू नये, अशी सगळ्यांनी त्याच्यावर दया केली. आणि एल्डनला खरोखर आठवत नव्हतं. झोपेत त्याची बोटं गोळ्या भरायची, कधी पाच, कधी सहा. जाग आल्यावर बोटांच्या टोकांना पितळेचा गारवा असायचा. लग्न झालं, मुलगी झाली, बायको गेली, तरी बोटांचं भरणं थांबलं नाही.

*

गावाबाहेर खडीची एक बंद पडलेली खाण होती. मागे मातीचा उंच उभा कडा, त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. शनिवारी सकाळी एल्डनने फळी मांडून तिच्यावर घेवड्याचे रिकामे डबे लावले. दोघांनी कानांत बोळे घातले.

"झाकण उघड. एक भर. एक घर सोड. आता चार भर. झाकण लाव. घोडा पूर्ण मागे घे आणि अंगठ्याने सावकाश खाली सोड. आता तो कुठल्या घरावर टेकलाय?"

"रिकाम्या." ब्रिनने भुवया उडवल्या. "पण आजोबा, बरोबरच्या पुस्तिकेत लिहिलंय, सहा भरा. नदीनबाई पण म्हणाल्या."

"आपण पाच भरायच्या."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"आई म्हणते, शाळेत तुम्ही कारण सांगितल्याशिवाय कुणाला एक बेरीजसुद्धा करू द्यायचा नाहीत."

ते कारण एल्डनच्या ओठांवर आलं होतं, पण त्या कारणाला एक नाव होतं, आणि ते नाव त्याने मुलीसमोरसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. भिंतीवर लॉइडचा फोटो नव्हता. ब्रिनला आजोबांना भाऊ होता हेच माहीत नव्हतं.

खरं तर नव्यात पाचच भरायला लावण्यात अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत होतं. पट्टी होती. पण दुकानातून आल्यापासून त्याला एकच गोष्ट खात होती. हाताला एकदा सहाची सवय लागली की हात कुठेही सहाच भरणार. आणि खोऱ्यातल्या दर दुसऱ्या गाडीत जुनं रिव्हॉल्व्हर पडलेलं होतं.

ब्रिनने पाच गोळ्या झाडल्या. दोन डबे पडले. ती आनंदाने उड्या मारायला लागली, मग आठवण होऊन एकदम स्थिर झाली आणि नळी मातीच्या कड्याकडे ठेवली. शहाणी पोर. "आता मी माझं माझं भरते," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ केली.

एल्डन मागे उभा राहून मोजू लागला. एक. दोन. तीन, डबा टणकन उडाला. चार. पाच.

त्याने श्वास सोडला.

आणि सहावा आवाज झाला.

बोळ्यांतून तो फांदी मोडल्यासारखा आला. फळीशेजारी, डब्यांच्या पलीकडे, कुणीतरी कुंपणाला टेकून बसलं होतं. तिथे कुंपण नव्हतं, तरी टेकून बसलं होतं. मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे नवलाने पाहत होतं.

"आजोबा? रागावलात? एकच तर जास्त भरली. पुस्तिकेत आहे."

"थोडं थांबू आपण," तो म्हणाला. त्याने तिच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतलं, सहाही पुंगळ्या काढल्या, झाकण उघडं ठेवून ते गाडीच्या मागच्या उघड्या फळकुटावर खोक्यात ठेवलं आणि गाडीत पुढे जाऊन बसला. काचेतून त्याने पुन्हा पाहिलं. फळी होती, डबे होते, ऊन होतं. ब्रिन गाल फुगवून मागच्या फळकुटावर पाय हलवत बसली होती.

तेवढ्यात खाणीच्या वाटेने हार्लनची चारचाकी फटफटी धूळ उडवत आली.

"काय गं, आवाज ऐकून आलो! मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं वाटतं?" हार्लनचा आवाज बंद काचेतूनही ऐकू येत होता. "दाखव बघू काय घेतलंस. अरे वा, कोरं करकरीत! आता हे बघ." त्याने कंबरेचा पट्टा सोडला आणि रिव्हॉल्व्हरसकट तिच्या हातात दिला. "माझ्या आजाचं. याला म्हणतात चाप. कंबरेला बांध, दोन-चार डबे पाड, मग सांग. रिकामं आहे, गोळ्या तुझ्या तूच भर."

हार्लन कॉफीचा थर्मास उघडायला वळला. याच्यात पाचच भर, असं काही तो बोलला नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याने स्वतः जन्मात सहा भरल्या नव्हत्या. खोऱ्यातल्या पोराला हे सांगायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. चुलीला हात लावू नकोस म्हणून बारा वर्षांच्या मुलीला कुणी सांगतं का?

ब्रिनने झाकण उघडलं. गोळ्यांच्या घरांची फिरकी फिरेना. तिने घोडा थोडा मागे ओढून पाहिला, खट्, खट्, आणि फिरकी मोकळी झाली. मग ती एकेक गोळी घालू लागली. एल्डनला गाडीतून तिची बोटं दिसत होती. चपळ, सहज बोटं. एक, दोन, तीन, चार. ती बोटं त्याला ओळखीची वाटली. पाच. सहा. तिने झाकण लावलं, घोडा अंगठ्याने हळूच खाली टेकवला, अगदी त्याने शिकवला तसा, आणि रिव्हॉल्व्हर म्यानात खोचलं. कंबरेला बांधलेला पट्टा सैल होता. तो घट्ट करायला ती खाली वाकली.

गाडीचं दार कधी उघडलं ते एल्डनला कळलं नाही.

"ब्रिन. हलू नकोस."

"काय झालं?"

"काही नाही. हात बाजूला घे. जिथे आहेस तिथे उभी राहा."

तो तिच्यापर्यंत चालत गेला. धावला नाही; धावला तर ती दचकेल. त्याने रिव्हॉल्व्हरच्या मुठीला हात घातला, आणि इतक्या वर्षांनी ते जुन्या बनावटीचं पोलाद त्याच्या तळहातात असं बसलं, जणू काल संध्याकाळीच खाली ठेवलं होतं. नळी मातीकडे ठेवून त्याने सहाही गोळ्या काढल्या आणि फळकुटावर ओळीने उभ्या केल्या.

हार्लनच्या हातातली कॉफी बुटांवर सांडत होती. "देवा," तो म्हणाला. "देवा रे. मास्तर, मला वाटलं तिला ठाऊक असेल."

"तिला मी सांगितलंच नव्हतं. कारण विचारलं तिने, दोनदा." एल्डन फळकुटावर बसला. "ब्रिन, इकडे ये. मला एक भाऊ होता. लॉइड."

त्याने सगळं सांगितलं. तंग, रिकीब, फांदीसारखा आवाज, उघडल्यावर दिसलेली सहा घरं. शाळेत सांगायचा तसंच सांगितलं, एक पायरी झाली की दुसरी, कारण तसं सांगितलं तरच त्याला पुढे जाता येत होतं. हार्लनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ब्रिनने त्या सहा गोळ्या बोटाने एकेक करून मोजल्या. मग तिने विचारलं, "कुणी भरल्या होत्या? तुम्ही की त्यांनी?"

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच.

"माहीत नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवत नाही. खरंच."

ती विचार करत होती. गणित अडलं की त्याच्या वर्गातली मुलं जशी खालचा ओठ चावायची, तशी. "मग दोघांनी मिळून भरल्या असतील," ती म्हणाली. "एकाने पाच भरून ठेवल्या. दुसऱ्याने बघितलं, अरे एक राहिली. म्हणून त्याने ती घातली."

"अगं, गप," हार्लन पुटपुटला.

"नाही, बोलू दे तिला," एल्डन म्हणाला. हे उत्तर त्याला कधी सुचलंच नव्हतं. आजवर प्रश्न एकच होता, तो की मी; आणि दोन्ही उत्तरांत सगळा दोष एकाच्याच माथी येत होता. वाऱ्याने सेजची झुडपं एका बाजूला वाकली. हार्लनने आपलं रिव्हॉल्व्हर रिकामं असूनसुद्धा दोनदा तपासलं, पट्ट्यात गुंडाळलं आणि फटफटीच्या खोक्यात ठेवलं. सोमवारी ते कारखान्याकडे धाडतो, भाव पडला तर पडू दे, एवढं म्हणून तो निघून गेला.

"घरी जायचं का आपण?" ब्रिनने विचारलं. नाही म्हणा, असं तिला म्हणायचं होतं, पण धीर होत नव्हता.

"नाही. डबे लावू आधी."

नवं रिव्हॉल्व्हर रिकामं, झाकण उघडं, फळकुटावर ठेवून दोघं फळीपाशी गेली. गोळ्यांनी भोकं पडलेले डबे ब्रिन एकेक करून उभे करू लागली.

"लॉइडआजोबांचा नेम चांगला होता?"

लॉइडआजोबा. अठरा वर्षांचा पोरगा, आजोबा झाला. एल्डनला हसू आलं. "छे गं. अगदीच वाईट. डबा एकीकडे, गोळी एकीकडे. कुंपणाचे खांब चाळण करून टाकले होते त्याने. पाचांत एकसुद्धा लागायचा नाही, आणि मग हट्ट, की अजून एक, सहावी भरायचीच. नेहमी. माझ्यापुढे हात करायचा, 'एल्डी, अजून एक दे ना रे'..."

तो थांबला.

एल्डनचा उजवा हात लॉइडसारखाच पुढे आला होता, तळवा वर. दुसरा हात कोटाच्या खिशात गेला होता. तेव्हाही गोळ्या त्याच्याच खिशात असायच्या. धाकट्याचं काम ते. खिशाचं अस्तर फाटलेलं होतं आणि गोळ्या कोपऱ्यात जाऊन बसायच्या, बोटांनी उकरून काढाव्या लागायच्या. हे त्याला आठवत होतं. अस्तर आठवत होतं. पितळेचा गारवा आठवत होता. समोर लॉइडचा तळवा, त्यावरचा दोराचा घट्टा, उतरत्या उन्हात तांबूस दिसणारा.

"मग तुम्ही द्यायचात?" ब्रिनने हळूच विचारलं.

"द्यायचो," एल्डन म्हणाला. "दर वेळी द्यायचो. फार आवडायचा तो मला."

ब्रिनने शेवटचा डबा फळीवर ठेवला. काही न बोलता तिने त्याचा पुढे आलेला हात धरला, आणि दोघं गाडीकडे परत निघाली. चालताना एल्डनने एकदाच मागे फळीकडे वळून पाहिलं. मग गोळ्यांचा खोका उघडून त्याने पाच मोजल्या आणि एकेक करून तिच्या हातावर ठेवल्या.